कायापालट

(दृश्य: पंचवटी, सकाळची वर्दळ. खांबाखांबांवर फलक.)

सिंहस्थ जवळ आला की नाशकात या शब्दाचा सुळसुळाट होतो. घाटाचा कायापालट, चौकाचा कायापालट, बसस्थानकाचाही कायापालट. भिंतीला रंगाचा एक हात मारला तरी तो कायापालटच. रंगरंगोटी म्हणायला कुणाला आवडतंय!

शब्द मुळात देहाचा. खांदेपालटात माणूस बदलतो, फेरपालटात पीक बदलतं. कायापालटात मात्र जो होता तोच राहतो आणि तरी ओळखू येत नाही.

त्याचा सख्खा भाऊ कायाकल्प. तो आयुर्वेदातला. रसायन, म्हणजे पुन्हा तरुण करणारं औषध, घ्यायचं आणि ऊन-वाऱ्यापासून दूर, खास बांधलेल्या कुटीत राहायचं. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९३८ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, तो करून घेतला होता.

(दृश्य: द्राक्षबाग, ऑक्टोबर. कात्र्यांचा आवाज.)

पण अस्सल कायापालट बघायचा तर दिंडोरी-निफाडकडे चला. छाटणी झालेली बाग. मांडवावर नुसत्या काड्या, खाली पानांचा खच. हातमोजे घातलेले मजूर काडीवरच्या एकेका डोळ्याला, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेला, फुटवा आणणारी पेस्ट लावत पुढे सरकतात. थोड्याच दिवसांत डोळे फुगतात, पोंगा, म्हणजे मिटलेल्या पानांचा कोंब, बाहेर येतो, पाठोपाठ इवलासा घड. फेब्रुवारीत याच मांडवाखालून वाकून चालावं लागतं.

बघणाऱ्याला वाटतं, पंधरवड्यात जादू झाली. बागायतदाराला विचारा, तो एप्रिलपासून सुरुवात करील. एप्रिलात खरड छाटणी होते, म्हणजे जुन्या काड्या अगदी आखूड कापतात, नव्या काड्या येतात आणि भर उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होऊ लागतो. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, ऊन कमी पडलं, तर घडाची बाळी होते. बाळी म्हणजे तारेला विळखे घालणारा हिरवा दोरा. खर्च तेवढाच, माल शून्य.

(दृश्य: प्रयोगशाळा. चिरलेला डोळा, जवळून.)

म्हणून जाणते बागायतदार ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासायला देतात. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आतला घड दिसतो. कितव्या डोळ्यात तो सापडला, ते कळल्यावरच कात्री कुठे चालवायची हे ठरतं.