भूलतज्ज्ञाविना भूल

शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाच्या डोक्याशी भूलतज्ज्ञ बसलेला असतो. रुग्णाचं वय, वजन, आधीचे आजार त्याला ठाऊक असतात. औषध किलोमागे मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने मोजलेलं असतं. समोर नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन दिसत असतो आणि श्वास थांबलाच तर नळी घालायची तयारी हाताशी असते. फेंटानिल या अतितीव्र वेदनाशामकाच्या कुळातली औषधं घेऊन माणसं पुन्हा उठून घरी जातात ती या बंदोबस्तामुळे. ती सुरक्षितता औषधाच्या अंगची नाही. मेंदूवरचं संशोधन शस्त्र म्हणून वापरलं जाणं, हा आजचा विषय; त्यातला बराच गोंधळ एवढं एक विसरल्यामुळे होतो.

बंदोबस्त काढून घेतला की काय उरतं, ते ऑक्टोबर 2002 मध्ये मॉस्कोत दिसलं. दुब्रोवका नाट्यगृहात आठशेहून अधिक माणसं ओलीस होती. चौथ्या दिवशी पहाटे सुरक्षा दलांनी वायुवीजनाच्या वाटेने बेशुद्ध पाडणारं द्रव्य आत सोडलं. सुमारे 130 ओलीस दगावले, आणि त्यांतले बहुतेक गोळ्यांनी नव्हे, या द्रव्याने. पुढे 2012 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वाचलेल्यांचे कपडे आणि लघवीचा नमुना तपासल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांत कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल ही फेंटानिलच्याच कुळातली द्रव्यं सापडली होती. कारफेंटानिल हे अजस्र जनावरांना गुंगी आणण्यासाठी वापरतात. मॉर्फिनपेक्षा ते सुमारे 10,000 पट तीव्र आहे.

माणसं का मेली? रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूच्या देठातल्या पेशी श्वास वाढवतात. ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिन आणि फेंटानिलच्या जातीची औषधं, नेमकी ही जाणीव बोथट करतात. वेदना ज्या म्यू रिसेप्टरमार्फत (पेशीवर औषध जिथे चिकटतं त्या जागेमार्फत) शमते, त्याच रिसेप्टरमार्फत श्वासही मंदावतो. त्यामुळे एक परिणाम घ्यायचा आणि दुसरा टाळायचा, हे डोस तोलूनच साधतं. सभागृहात तोलणार कोण? झोताजवळच्या माणसाच्या छातीत किती जातं आणि शेवटच्या रांगेत किती पोचतं, याचा मेळ नसतो. शिवाय लहान मूल आहे, दमेकरी आहे, तीन दिवसांचा उपाशी माणूस आहे. सगळ्यांना गुंगी येईल इतकं सोडायचं म्हटलं, की काहींना मारक डोस देणं त्यात आलंच. अशा द्रव्यांना लावला जाणारा ‘प्राणघातक नसलेलं शस्त्र’ हा शब्दप्रयोग म्हणूनच मला फसवा वाटतो.

बाकीच्या चुकाही साध्याच होत्या, पण जीवघेण्या. बेशुद्ध माणूस उताणा ठेवला की जीभ मागे पडून श्वासाची वाट बुजते; त्याला कुशीवर वळवायला हवं. बाहेर काढलेल्यांपैकी अनेक जण उताणेच पडून होते. द्रव्य कोणतं, हे उपचार करणाऱ्यांना वेळेत सांगितलं गेलं नाही. नॅलॉक्सोन हा उतारा आहे खरा, पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. म्हणजे उतारा टोचल्यावरही पहारा सुटत नाही.

आता कायद्याकडे. 1997 मध्ये अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने पदार्थांच्या याद्या केल्या, पण त्याचा खरा कणा वेगळा आहे: कोणतंही विषारी रसायन, हेतू निषिद्ध असेल तर शस्त्रच. हे शहाणपणाचं होतं. कारण पदार्थावर बंदी घालायला गेलं तर औषधशास्त्रच बंद पडेल. टॅबून हे चेतासंस्थेवरचं विष 1936 मध्ये कीटकनाशक शोधताना सापडलं. ते ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) कायमचं जायबंदी करतं. अल्झायमरसाठी दिलं जाणारं डोनेपेझिल त्याच विकराला तात्पुरतं रोखतं. मात्र करारात ‘कायदा व सुव्यवस्था’ हा हेतू निषिद्ध नाही, आणि ही फट बराच काळ उघडी राहिली. डिसेंबर 2021 मध्ये सदस्य देशांनी एकमताने नव्हे, मतदानाने ठरवलं की मध्यवर्ती चेतासंस्थेवर काम करणारी रसायनं हवेत फवारून पोलिसी कामासाठी वापरणं या करारात बसत नाही. फट बुजली, पण फवाऱ्यापुरतीच.

संशोधनाचा उद्या शस्त्र म्हणून वापर होईल का, हा प्रश्न प्रयोगशाळेत कुठे विचारला जातो? बहुतेक ठिकाणी कुठेच नाही. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीचा अर्ज विचारतो: सहभागी व्यक्तीला इजा होईल का, संमती घेतली का, माहिती गुप्त राहील का. निष्कर्ष बाहेर पडल्यावर तिसऱ्याच माणसाला इजा होईल का, यासाठी रकाना नसतो. ‘या संशोधनाचा दुरुपयोग शक्य आहे का?’ असा मोघम प्रश्न घातला, तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. प्रश्न टोकदार हवेत. शांत करणारं नवं द्रव्य असेल, तर ते श्वासातून द्यायची सोय नेमकी कोणत्या रुग्णासाठी हवी आहे? उतारा आहे का, आणि तो मूळ द्रव्याइतका वेळ टिकतो का? निधी देणाऱ्याला परिणाम हवा आहे की तो दुरून घडवण्याची पद्धत? मेंदूत बसवलेलं उपकरण बिनतारी असेल, तर आज्ञा कोणाकडून आली हे ते पडताळतं का, आणि आणीबाणीत अनोळखी डॉक्टरला ते बंद करता येतं का? या शेवटच्या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात; कुलूप जितकं पक्कं तितकी रुग्णालयात पंचाईत. तो तिढा अभियंत्यावर सोडून चालत नाही.

दुसरी अडचण वेळेची. अर्ज मंजूर होतो तेव्हा धोका दिसत नसतो. 2022 मध्ये औषध शोधणाऱ्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी आपला एक प्रयोग जाहीर केला. त्यांचं संगणकीय मॉडेल एरवी विषारी रेणूंना गुण कापत असे. त्यांनी मुद्दाम उलट करून विषारीपणाला गुण दिले. सहा तासांच्या आत 40,000 रेणू समोर आले. त्यांत व्हीएक्स हे अतिविषारी रासायनिक अस्त्रही होतं. कोणताही रेणू त्यांनी प्रत्यक्ष बनवला नाही. पण एवढा पालटा व्हायला नवा प्रकल्प लागला नाही, नवा निधी लागला नाही. म्हणजे कोणत्याही समितीपुढे नवा अर्ज यायचं कारणच नव्हतं.

रुग्णांवरच्या चाचणीत आराखडा बदलला तर तो समितीला कळवून मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं, हा नियम सर्वांना पाठ आहे. तोच मॉडेलच्या गुणांकनाला, द्रव्य देण्याच्या मार्गाला आणि निधीच्या स्रोताला लावता येतो. यासाठी नवी समिती नको. फक्त आहे त्या समितीत चेताऔषधं जाणणारा एक आणि शस्त्रबंदी करार वाचलेला एक, असे दोघे बसायला हवेत.