उलटी होडी

(दृश्य: वर्सोव्याचा किनारा, सकाळ.)

फायबरच्या होड्यांमध्ये एखादी जुनी लाकडी होडी अजून दिसते. बरेच दिवस उन्हात ओढून ठेवली की तिच्या फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात. पाण्यात गेली की लाकूड फुगतं, सांधे मिटतात. कोळीवाड्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

(दृश्य: बंगल्याचं अंगण. लाकडी टब, खाली ओली फरशी.)

जवळच्या एका अंगणात गरम पाण्यात डुंबायचा हा सागवानी टब काल पहिल्यांदा भरला. पिंपासारख्या उभ्या फळ्या, भोवती स्टीलचे पट्टे. आणि टब गळतोय.

"काका, पट्टे आवळायचे का?"

"राहू द्या ताई. लाकडाला पाणी पिऊ दे. परवा बघू."

मिस्त्रींचं बरोबर आहे. कोरड्या लाकडावर पट्टा करकचून आवळला, तर फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही, ती चेपते. हा टब म्हणजे उलटी होडी. होडी पाणी बाहेर ठेवते, टब आत. दुखणं मात्र दोघांचं एकच, कोरडं पडणं. म्हणून गावाला जाताना टब रिकामा करून पुसून ठेवणं, ही आपली नीटनेटकी सवय इथे घात करते.

पण मुंबईत पावसाळ्यात महापालिका सांगते, साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडी कोरडी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडायला लागतो. टब तर कोरडा करता येत नाही. मग झाकण असं हवं की कडेला बोटभर फटही राहू नये. शोभेचं झाकण काही कामाचं नाही.

(दृश्य: वाफाळलेलं पाणी.)

गरम पाण्यात डुंबायचं म्हटलं की मुंबईकराला वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवतात. तिथे जमिनीतून नवं पाणी येत राहतं. टबात तेच ते पाणी, वर माणसांचा घाम आणि तेल. लिजिओनेला नावाचा जिवाणू अशा कोमट पाण्यात वाढतो आणि वाफेबरोबर उडणाऱ्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनात झालेल्या साथीवरून त्याला हे नाव मिळालं. लाकडाला छिद्रं असतात, त्यामुळे ते फरशीसारखं सहज स्वच्छ होत नाही. पाण्यात क्लोरीन दर दहा लाख भागांत किमान ३ भाग हवं, पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७ ते ७.८. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून चाचणीची पट्टी रोज बुडवायची. पण धास्तीने ओंजळभर पावडर टाकलीत तर लाकडाचे तंतू सुटून ते कापसासारखं पिंजतं. आतून व्हार्निश किंवा तेल लावू नका. साबणही नको, मऊ ब्रश पुरे.

(दृश्य: उंच इमारतीची गच्ची.)

"आमच्याकडे अंगण कुठलं? गच्चीवर ठेवू." हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. पाच फूट व्यासाच्या टबात तीन-सव्वातीन फूट पाणी म्हणजे सुमारे १,७५० लिटर, पावणेदोन टन, माणसं वेगळी. म्हणजे दर चौरस मीटरला साधारण १,००० किलो. आणि वापरत्या गच्चीसाठी भारतीय मानक धरतं ते सुमारे १५० किलो. हिशोब इथेच संपला. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार मिळाला तरच पुढे जा, नाहीतर टब जमिनीवरच. तिथेही वजन तळाखालच्या आडव्या वाशांवर यायला हवं, कडेच्या फळ्यांच्या टोकांवर नाही.

वीज आणि पाणी एकत्र आलं की अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, लागतोच. पाण्याचं तापमान ४० अंशांपुढे नको. गळ्यापर्यंत गरम पाण्यात असताना घाम शरीराला गार करू शकत नाही, रक्तदाब उतरतो. मुंबईच्या मे महिन्यात तर पंधरा मिनिटंही खूप झाली. उठताना कडेला धरा. गरोदर बाई आणि हृदयरोगी यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, लहान मुलांना आत नेऊ नये. दारू पिऊन तर कुणीच नाही. केस वर बांधा, पाणी ओढणाऱ्या जाळीजवळ ते अडकतात.

(दृश्य: अंगण, तिसरी सकाळ.)

टबाखालची फरशी बरीचशी सुकलीये. मिस्त्री वाकून फळ्यांवरून हात फिरवतात. एका सांध्याशी अजून थेंब आहे.

"काका, आता तरी?"

"उद्या."

पाना पिशवीतच आहे.