पलीकडच्या खेळाडूचा वेळ

(दृश्य: हडफडे येथील स्पर्धेचे सभागृह. पटांच्या दोन्ही बाजूंना बसलेले खेळाडू.)

नोव्हेंबर २०२५ मध्ये बार्देश तालुक्यातील हडफडे येथे बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा भरली. २०६ खेळाडूंच्या या बाद पद्धतीच्या स्पर्धेत उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव अखेर विजेता ठरला. अशा स्पर्धेत डावापूर्वी हस्तांदोलन होते आणि पंच जवळ उभे असतात. प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये, असे फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीतील ११.५ वे कलम सांगते. बरोबरीचे अवाजवी प्रस्तावही त्या कलमानुसार त्रासातच मोडतात.

(दृश्य: डिचोलीतील एक घर. मोबाइलच्या पडद्यावर सुरू असलेला डाव.)

अनुराग म्हामल आणि लिऑन मेंडोन्सा हे दोन ग्रँडमास्टर देणाऱ्या गोव्यात आज फोंडा, डिचोली, वाळपई येथील मुले लीचेस किंवा चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या संकेतस्थळांवर रोज अनोळखी माणसांशी खेळतात. पडद्यावर समोरच्याचे टोपणनाव, त्याचे रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) आणि फार तर एका देशाचा झेंडा दिसतो. तो दहा वर्षांचा विद्यार्थी आहे की निवृत्त शिक्षक, हे कळण्याचा मार्ग नसतो. चेहरा, आवाज आणि पंच यांपैकी काहीही नसलेल्या या खेळात दोघांमध्ये खरोखर सामाईक असते ते घड्याळ. म्हणूनच ऑनलाइन बुद्धिबळातील सौजन्य मुख्यतः समोरच्याच्या वेळेशी आपण कसे वागतो, यावर ठरते.

वजीर गेला, डाव हातचा सुटला, की काही खेळाडू चाल करणेच थांबवतात. त्यांच्या वाट्याच्या वेळेतील सात मिनिटे उरलेली असतात आणि ती सातही मिनिटे समोरच्याने थिजलेल्या पटाकडे पाहत बसावे, अशी त्यामागची इच्छा असते. नियमाच्या दृष्टीने वेळ त्यांचीच आहे. तरीही अनोळखी माणसाशी करण्याजोगे यापेक्षा असभ्य वर्तन या खेळात क्वचितच आढळेल. संकेतस्थळे अशा खेळाडूंवर कारवाई करतात, ते योग्यच आहे. मात्र हरत आलेला डाव शेवटच्या चालीपर्यंत खेळणे ही निराळी गोष्ट आहे. नवशिक्याला मात कशी होते हे पाहण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि घाईत खेळणाऱ्या विजेत्याकडून राजाची कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटण्याची शक्यताही असते. ‘आता डाव सोड’ असे त्याला चॅटमध्ये लिहिणाराच इथे मर्यादा ओलांडतो. डाव संपण्यापूर्वी जिंकणाऱ्याने ‘गुड गेम’ लिहिणेही तसेच टोचते. ते शब्द आधी हरलेल्याकडून यावेत, हे बरे. इंजिनची, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रामची, मदत घेणे ही तर सरळ फसवणूक आहे, तिला सौजन्याच्या चर्चेत स्थान नाही.

बोट घसरून घोडा भलत्याच घरात पडला आणि समोरच्याने चाल मागे घेण्याची विनंती केली, तर काय करावे? प्रत्यक्ष पटावर सोडलेली सोंगटी परत घेता येत नाही, त्यामुळे नकार देण्यात गैर काही नाही. पण मैत्रीच्या, रेटिंग न मोजल्या जाणाऱ्या डावात होकार देणारा खेळाडू मला अधिक आवडतो.

(दृश्य: पावसाळी संध्याकाळ. खिडकीबाहेर माडांच्या झावळ्या वाऱ्याने हेलकावत आहेत.)

गोव्यातील खेळाडूला सौजन्याची खरी गरज जून ते सप्टेंबर या काळात भासते. वादळी पावसात वीज जाते, इंटरनेट तुटते आणि चालू डाव तसाच राहतो. समोरचा निघून गेला आहे, असे दिसल्यावर लीचेस थोड्या वेळाने तीन पर्याय देते: विजयाचा दावा करावा, बरोबरी जाहीर करावी किंवा वाट पाहावी. चांगल्या रंगलेल्या डावात मिनिटभर वाट पाहणारा खेळाडू आपला वेळ दुसऱ्याला देतो. लीचेसवर प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात १५ सेकंदांची भर घालण्याचीही सोय आहे.

हा प्रश्न केवळ घरगुती डावांचा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये झालेल्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखालील भारतीय संघात गोव्याची भक्ती कुलकर्णीही होती. उपांत्यपूर्व फेरीत भारताच्या निहाल सरीनविरुद्ध खेळणाऱ्या आर्मेनियाच्या खेळाडूचे इंटरनेट तुटले, वेळ संपल्याने तो हरला, आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले आणि त्या संघाने पुढे खेळण्यास नकार दिला. रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात तीच आपत्ती निहालवर आणि नागपूरच्या दिव्या देशमुखवर ओढवली. तेव्हा मात्र बिघाड व्यापक स्वरूपाचा असल्याने फिडेच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. आपल्या आनंदात आर्मेनियाचे दुःख विसरता कामा नये, असे मला मनापासून वाटते.

घरच्या डावात अपील ऐकणारे कोणी नसते. म्हणून संपर्क परत आल्यावर, डाव सुरू असेल तर ‘वीज गेली होती, थांबल्याबद्दल आभार’ एवढे लिहून पुढची चाल करावी. आणि दरम्यान समोरच्याने विजयाचा दावा केला असेल, तर वाद न घालता नव्या डावाचे निमंत्रण पाठवावे. त्याच्याही घरी कोणीतरी जेवायला हाक मारत असेल.