गियरबॉक्सचं ऑइल गळतंय? चौथं सील टाकण्याआधी ब्रीदर बघा

नमस्कार मंडळी, डिचोलीहून बोलतोय, आणि मागे जी गाडी दिसतेय ती बाबांची, २००४ सालची, मॅन्युअल गियर, पुढच्या चाकांना ड्राईव्ह. या गाडीच्या डाव्या ड्राईव्ह शाफ्टचं, म्हणजे गियरबॉक्समधून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, दोन वर्षांत तीनदा बदललं आम्ही, तीनदा. दर वेळी महिनाभर कोरडं आणि मग परत तेच, चाकाच्या आतल्या बाजूला ओलं, रिमवर तेलाचे शिंतोडे. बाबा म्हणायचे गाडी जुनी झाली, आता गळणारच. मला ते पटत नव्हतं, कारण गाडी जुनी असली तरी रबर नवीन होतं ना!

पहिलं काम, गळतंय ते नक्की काय ते ओळखा. आमच्याकडे अंगणात तांबडी माती, थेंब पडला की जिरतो, दिसतच नाही. म्हणून रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा टाकायचा आणि पुढचं चाक कुठे येतं तिथे पेनाने खूण करायची. सकाळी डाग बोटाला लावून वास घ्या. गियर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही, आणि ते चिकट, मधासारखं असतं. इंजिन ऑइल काळपट. ऑटोमॅटिक गाडीत बहुतेक वेळा लालसर तेल असतं, आणि त्यात लेव्हल बघायची पद्धत वेगळी आहे, तर तुमची ऑटोमॅटिक असेल तर लेव्हल गाडीसोबतचं मॅन्युअल पुस्तक बघूनच करा, मी आज दाखवतोय तशी नको.

आता तेल कुठून येतंय ते. इथे खूप जण फसतात, कारण चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे मागे जातं, वरून निघालेलं खालीच टपकतं, आणि आपण खालचा बोल्ट आवळत बसतो. म्हणून सगळा गियरबॉक्स डिझेल आणि ब्रशने साफ करायचा, पुसून एकदम कोरडा करायचा, आणि जिथे जिथे जोड आहे, सील आहे, रिव्हर्स लाईटचा स्विच आहे, तिथे अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरायची. मग दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि टॉर्च मारा. सगळ्यात वरती जिथे पावडर भिजलीय तिथे तुमचं लिकेज.

मी हे केलं, म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जाऊन आलो, पावडर कोरडी! म्हटलं बरं झालं. दोन दिवसांनी बेळगावला गेलो, साखळी, केरी, अंजुणे धरणाच्या बाजूने वर चोर्ला घाट, आणि परत आल्यावर बघतो तर डावं सील भिजलेलं, उजव्या बाजूलाही जरासं ओलं. तेव्हा डोक्यात आलं की सपाट रस्त्यावर गळत नाही आणि घाट चढला की गळतं, म्हणजे सीलचा दोष नाही, आत प्रेशर तयार होतंय.

हे नीट समजून घ्या. घाटात गियरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वरच्या बाजूला एक छोटी वाट असते, तिला ब्रीदर म्हणतात. कुठे नुसती टोपी असते, कुठे रबरी नळी. ती बुजली की हवा दुसरी वाट शोधते, आणि सगळ्यात कच्ची वाट म्हणजे सीलचं ओठ. तिथून हवा निघते आणि तेलही घेऊन निघते. आमच्या टोपीत काय होतं माहितीये, तांबडा चिखल, वाळून विटेसारखा झालेला, वर्षानुवर्षांच्या पावसातला. खात्री करायची असेल तर घाट उतरून आल्यावर गाडी हाताला सोसेल इतकी निवू द्या आणि फिलर प्लग, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच, हळू सैल करा. फुस्स आवाज आला की समजा ब्रीदर बंद.

टोपी काढून क्लीनरने धुवा, आधी बाहेरचा चिखल ब्रशने काढा म्हणजे तो आत पडणार नाही. फुंकर आरपार गेली पाहिजे.

आता ब्रीदर साफ असूनही गळत असेल तर शाफ्ट बाहेर काढावा लागतो. कृपा करून नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, खाली स्टँड लावा, हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगतो आणि सांगतच राहणार. आणि शाफ्ट ओढण्याआधी ऑइल काढून घ्या, नाहीतर सगळं अंगावर येईल. शाफ्ट निघाला की सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं म्हणजे चरा पडलाय, तिथे कितीही भारी सील टाका, टिकणार नाही, शाफ्टला स्लीव्ह, म्हणजे वरून चढवायची पातळ धातूची नळी, बसवा किंवा शाफ्ट बदला. आणि शाफ्ट काढायच्या आधी तो हाताने वरखाली हलवून बघा, जास्त हलत असेल तर आतलं बेअरिंग गेलंय, आणि ते गॅरेजचं काम. नवीन सीलच्या ओठाला तेल लावा, त्याच मापाच्या पाईपने सरळ ठोका, तिरकं बसलं की मेहनत वाया.

ऑइल काढताना आधी वरचा फिलर प्लग उघडून बघा, मगच ड्रेन, म्हणजे तेल काढायचं खालचं बूच. फिलर जाम निघाला आणि तेल आधीच खाली आलं तर गाडी जागेवरच राहील. ड्रेनचं वॉशर नवीन टाका. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, आमच्या गाडीला जीएल-४ लागतं, जीएल म्हणजे गियर ऑइलचा दर्जा, काही जीएल-५ तेलं जुन्या गियरबॉक्समधल्या पितळी रिंगांना चालत नाहीत. गाडी सपाट ठेवून फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. निघालेलं तेल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय, पावसात तापलेली गाडी साचलेल्या पाण्यात घातली की ते आत ओढलं जातं. आणि ते जुनं तेल नाल्यात ओतू नका हो, डब्यात भरून गॅरेजवर द्या, आपला नाला शेवटी मांडवीतच जातो.

हा बघा पुठ्ठा, काल चोर्ला चढून उतरून आल्यावर रात्रभर खाली होता. डाव्या चाकाकडे कोरडा, उजव्याकडेही कोरडा. हा मधला काळा डाग इंजिन ऑइलचा आहे, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगचा, ते पॅकिंग आणलंय, पुढच्या रविवारी तेच काम.