तटावरचा पहारेकरी

बेथलेहेमच्या दक्षिणेला, यहूदा या दक्षिणेकडच्या राज्याच्या डोंगराळ मुलखात, तकोवा नावाचे गाव होते. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तिथला एक मेंढपाळ, बायबलमधला संदेष्टा आमोस, आपली मेंढरे आणि उंबराची झाडे मागे ठेवून उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि बेथेलच्या राजमंदिराच्या ठिकाणी बोलू लागला. राजा दुसरा यराबाम याच्या राजवटीतले ते भरभराटीचे दिवस होते आणि धनिक हस्तिदंती पलंगांवर लोळत असल्याचे आमोस सांगतो. इस्राएलाची राजधानी असलेल्या समरियाच्या उत्खननात तसे कोरीव हस्तिदंत सापडलेही आहेत.

आमोसाने शेजाऱ्यांपासून सुरुवात केली. दिमिष्काने (आजचे दमास्कस) गिलाद या इस्राएलाच्या मुलखाला लोखंडी अवजारांनी मळून काढले, म्हणून त्याच्यावर न्याय येईल. गज्जाने (आजचे गाझा) माणसांचे जथेच्या जथे अदोमाच्या हवाली केले, म्हणून तिच्यावर. मग सोर, अदोम, अम्मोन. ईशान्य, नैर्ऋत्य, वायव्य, आग्नेय अशा चारही दिशा होतात आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक नावागणिक समाधान वाटत असणार. मवाबाविषयीच्या वचनापाशी मात्र थांबायला हवे. अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, हा मवाबाचा अपराध. यात इस्राएलाचे काहीच गेले नव्हते. जाळणारा परका आणि ज्याची विटंबना झाली तो राजाही परकाच. तरीही देव त्याचा जाब विचारतो. परक्यांच्या वेदनेलाही दाद मागण्याचा हक्क आहे, हे इतक्या जुन्या काळी इतक्या स्पष्टपणे सांगितले गेले, याचे मोल मला फार मोठे वाटते.

पुढे यहूदाचे नाव येते आणि अखेरीस, सगळ्यांत लांबलेल्या वचनात, खुद्द इस्राएलाचे. गरिबाला पायताणांच्या एका जोडापायी विकले, हा आरोप; आणि दुसरा त्याहून जिव्हारी लागणारा. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे तेवढेच असते, असे मोशेचे नियमशास्त्र सांगत होते; इथे मात्र तीच गहाणाची वस्त्रे अंथरून माणसे वेदीशेजारी पहुडत होती. बेथेलचा याजक अमस्या याने आमोसाला आपल्या देशी निघून जायला सांगितले. इसवी सनापूर्वी 732 मध्ये दिमिष्क अश्शूर साम्राज्याच्या हाती पडले आणि दहा वर्षांनी समरियाही.

दीड शतकानंतर, बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान असलेल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथातही हाच क्रम दिसतो. अध्याय 25 ते 32 मध्ये अम्मोनापासून मिसरापर्यंत (इजिप्तपर्यंत) सात राष्ट्रांवरचा न्याय येतो आणि लगेच 33व्या अध्यायात शब्द स्वजनांकडे वळतो: तू पहारेकरी आहेस, तलवार येताना पाहूनही तू शिंग फुंकले नाहीस, तर मेलेल्यांच्या रक्ताचा जाब तुझ्याकडून घेतला जाईल.

त्या काळी पहारा ही रोजची, हाडामांसाच्या माणसांनी करायची नोकरी होती. यरुशलेमच्या नैर्ऋत्येस असलेल्या लाखीश या तटबंदीच्या शहरात, वेशीजवळच्या एका खोलीत, 1935 मध्ये खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या स्वारीच्या सुमाराची ती पत्रे आहेत. त्यांतल्या एकात चौकीवरचा माणूस आपल्या वरिष्ठाला कळवतो, की आपण दिलेल्या खुणांप्रमाणे आम्ही लाखीशच्या इशाऱ्यांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका (जवळचे दुसरे तटबंदीचे शहर) आम्हाला दिसत नाही.