गिऱ्हाईक घर बघायला येण्याआधी

मंडळी, घर विकायला काढलं की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. माझं म्हणणं, पहिला फोन गवंड्याला जावा, रंगारी सगळ्यात शेवटी. जळगाव घ्या, धुळं घ्या, नंदुरबार घ्या. बघायला येणारा माणूस भिंतीच्या रंगावर अडत नाही. तो अडतो ओलीवर, भेगेवर आणि पाण्यावर.

आधी ओल. आपल्याकडे ती तीन जागी हमखास सापडते: कूलरच्या खिडकीखाली, गच्चीच्या पन्हाळीजवळ आणि न्हाणीघराच्या पाठच्या भिंतीला. पोपडे दिसले की लोक वरून पुट्टीचा हात मारून मोकळे होतात. पण आत पाणी तसंच असतं. ते विटेतले क्षार घेऊन बाहेर येतं, पुट्टीला ढकलतं आणि पंधरा दिवसांत रंगाला फुगे येतात. नेमकं त्याच रविवारी गिऱ्हाईक आलेलं असतं!

म्हणून आधी पाण्याची वाट बंद करा: कूलरची गळकी टाकी, पन्हाळीचा सांधा, न्हाणीतल्या फरशीच्या फटी. मग जिथवर ओल दिसते त्याच्या वीतभर पलीकडेपर्यंत गिलावा विटेपर्यंत खरवडा. विटेवरचा पांढरा लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने झाडा. धुऊ नका, धुतला की तो विरघळून परत विटेत जातो. भिंत दोन-तीन आठवडे उघडी ठेवा. वाळली का, हे हात लावून कळत नाही. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव धरलं असेल तर अजून थांबा. नवा गिलावा केला की सात दिवस पाणी मारायचं, मग महिनाभर सुकू द्यायचा, त्यानंतर पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. हिशेब केला तर दोन-अडीच महिने होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर दाखवायचं असेल तर काम माघाच्या शेवटाला किंवा फाल्गुन लागता लागता काढायला हवं.

आता भेगा. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा पाया हलतो. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या रेघांची काळजी नको, त्या भरून घेतल्या की झालं. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, बोटाचं नख शिरेल अशी भेग मात्र वेगळी. तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची दोन बोटं रुंद आडवी पट्टी बसवा आणि पट्टीवर तारीख लिहा. पट्टी तडकली म्हणजे भेग अजून चालू आहे. तिथे रंगारी नको, इंजिनियर बोलवा. आणि गिऱ्हाइकाला सांगा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला नेहमीच्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. एजंट म्हणेल, ‘भेगेपुढे कपाट सरकवून ठेवा.’ आपल्याकडचं गिऱ्हाईक कपाट हलवून बघतं, एवढं ध्यानात असू द्या.

जुन्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात सागाच्या कड्या, म्हणजे छताखालची आडवी लाकडं, हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर उधळी, म्हणजे वाळवी, लागलेली असू शकते. मातीच्या रेघा नुसत्या झाडून टाकल्या तर त्या परत येतात. औषध मारून घ्या आणि त्याची पावती ठेवा.

पाण्याचा प्रश्न घरात पाऊल टाकल्या टाकल्या येतो, ‘पानी कितला दिनमा येस?’ गोलमोल उत्तर देऊ नका. नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ चालतो, बोअर उन्हाळ्यात टिकतो का आणि हौद केवढा, हे तोंडपाठ हवं. हौदाची लांबी, रुंदी, खोली फुटात मोजून गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा. ६ बाय ५ बाय ५ चा हौद म्हणजे १५० घनफूट, साधारण सव्वाचार हजार लिटर. हौद रिकामा करून घासा, कारण झाकण उघडून बघणारे असतात.

बोअरच्या जड पाण्याने तोट्यांवर पांढरी खपली धरते. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा, त्यात फडकं भिजवून अर्धा तास तोटीला गुंडाळून ठेवा, मग घासा. तोटीच्या तोंडाची जाळी काढून रात्रभर त्याच पाण्यात टाका, धार मोकळी होते. हे पाणी शहाबादी किंवा कोटा फरशीवर सांडू देऊ नका. ती चुनखडीची, आम्ल तिला खातं आणि चकाकी गेली की पुन्हा पॉलिश करूनच येते. ॲसिडचं तर नावच नको.

घर बंद असेल तर आणखी एक भानगड असते. न्हाणीच्या जाळीखालच्या वाटीत पाणी साठलेलं असतं, ते गटाराचा वास अडवतं. वैशाखात ते लवकर उडून जातं; मग घरभर वास आणि झुरळं. दाखवायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर गोडं तेल सोडा, म्हणजे ते लवकर उडत नाही.

वेळ सकाळी आठ ते दहा किंवा संध्याकाळी पाचनंतरची द्या. पारा ४४-४५ वर असताना दुपारी दोनला वरचा मजला दाखवलात तर सौदा तिथेच मोडला. पहाटे खिडक्या उघडा, नऊला पश्चिमेच्या बंद करा. त्या दिवशी सकाळी मिरच्यांचा ठेचा करू नका, लोक ठसके देत घर बघतील. गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असतील तर असू द्या, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. उलट ऊन चांगलं येतं हे कळतं. सामानाचं म्हणाल तर गव्हाच्या कोठ्या आणि जादा पलंग नातेवाइकांकडे हलवा. सजावटीवर पैसे घालू नका, एवढंच पुरे.

दाखवताना घरातला एकच माणूस बोलू द्या. तोट्या, दारं, पंखे गिऱ्हाइकालाच चालवू द्या. ते पहिल्यांदा एकटं येतं, दुसऱ्यांदा बायको आणि वडिलांना घेऊन येतं, तिसऱ्यांदा मिस्त्रीला. तिन्ही वेळेला उत्तरं तीच यायला हवीत.

कागदांची फाईल पहिल्या दिवशीच तयार असावी: खरेदीखत, शहरात मिळकत पत्रिका, गावठाणात नमुना आठचा उतारा, बांधकाम परवानगी, बिनशेतीचा आदेश असेल तर तो, घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालू पावत्या, वीजबिल. बँकेचा बोजा असेल तर थकबाकीचं पत्र जोडा. उताऱ्यावर वारलेल्या वडिलांचं नाव असेल तर वारसनोंद आधी करून घ्या, बहिणींची नावंही येतात त्यात. इसार देताना हाच कागद सगळ्यात जास्त सौदे अडकवतो. बघायला फक्त झेरॉक्स द्या, प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून ‘केवळ पाहणीसाठी’ आणि तारीख लिहा.