पाव भाजणारा सभापती

श्रोतेहो, नमस्कार.

२९ ऑगस्ट १९६८. प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे उभे आहेत आणि चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेचे सभापती योसेफ स्मर्कोव्स्की रेडिओवरून देशाशी बोलताहेत. दोनच दिवसांपूर्वी पक्षप्रमुख अलेक्झांडर दुबचेक रेडिओवर बोलताना कंठ दाटून आल्यामुळे पुन्हा पुन्हा थांबले होते. स्मर्कोव्स्की मात्र सरळ मुद्द्यावर आले. मॉस्कोत आम्ही जे मान्य करून आलो त्याला लोक आणि इतिहास कदाचित गद्दारीही म्हणतील, याची आम्हाला जाणीव होती, अशा आशयाचं ते बोलले. सत्तेतला माणूस स्वतःबद्दल जाहीरपणे असं बोलतोय, हे त्या राजवटीत फारसं कानांवर पडत नसे.

कोण होते हे गृहस्थ? जन्म १९११चा, बोहेमियातल्या वेलेन्का गावचा. धंदा शिकले तो बेकरीचा. भट्टीपुढे उभं राहून पाव भाजणारा हा तरुण कामगार चळवळीत आला, कम्युनिस्ट पक्षात गेला आणि जर्मनांच्या ताब्यातल्या देशात भूमिगत राहून काम करू लागला. मे १९४५मध्ये प्राग उठलं. त्या उठावाचं नेतृत्व करणाऱ्या चेक राष्ट्रीय परिषदेचे ते उपाध्यक्ष होते. ८ मेला जर्मन सेनापती तूसां यांच्याशी करार झाला, जर्मन फौजांना शहर सोडून जाऊ दिलं गेलं आणि लाल सेना पोचली दुसऱ्या दिवशी. प्रागने आपल्या हाताने केलेला हा सौदा मॉस्कोला रुचला नाही.

फेब्रुवारी १९४८मध्ये पक्षाने सगळी सत्ता हाती घेतली, तेव्हा स्मर्कोव्स्की पक्षासोबतच होते. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या यंत्रणेने पुढे त्यांना गिळलं, ती उभी करणाऱ्यांत त्यांचाही हात होता. १९५१मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे जन्मठेप. ते दिवसच तसे होते. १९५२च्या नोव्हेंबरात पक्षाचे माजी सरचिटणीस स्लान्स्की यांच्यासह चौदा जणांवर खटला चालला आणि त्यांतले अकरा फासावर गेले. स्मर्कोव्स्की १९५५मध्ये सुटले. त्यांच्यावरचा कलंक अधिकृतपणे पुसला गेला तो १९६३मध्ये. मधल्या काळात त्यांनी जंगलखात्यात काम केलं, सहकारी शेती सांभाळली. आणि मग पुन्हा त्याच पक्षात परतले. आपल्याला हे नवल वाटतं. त्यांना वाटलं नसावं. तुरुंगात टाकणारा पक्ष चुकला, पण पक्ष आपलाच, अशी त्या पिढीची धारणा होती.

जानेवारी १९६८मध्ये दुबचेक पक्षप्रमुख झाले. त्याच महिन्यात स्मर्कोव्स्कींनी कामगार संघटनांच्या ‘प्रात्से’ या दैनिकात लेख लिहून नेमकं काय चाललंय ते लोकांपुढे मांडलं. बंद दाराआडचं राजकारण असं चव्हाट्यावर आणणं नवीनच होतं. मार्चमध्ये तरुणांच्या तुडुंब सभांत ते उभे राहिले, आडवेतिडवे प्रश्न घेतले. एप्रिलमध्ये ते संसदेचे सभापती झाले आणि जूनमध्ये त्याच संसदेने सेन्सॉरशिप रद्द केली.

या मोकळेपणाला लगाम घालायला ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा देशात घुसल्या. २१ ऑगस्टच्या पहाटे सोव्हिएत छत्रीधारी सैनिकांनी पक्षाच्या मुख्यालयात शिरून दुबचेक, स्मर्कोव्स्की आणि इतर काही नेत्यांना पकडलं. सोव्हिएत संघात नेलं आणि पुढे मॉस्कोत वाटाघाटींच्या टेबलाशी बसवलं. २६ ऑगस्टला सोव्हिएत अटी मान्य करणाऱ्या करारावर सह्या झाल्या. नकार दिला तो एकट्या फ्रान्तिशेक क्रीगेल यांनी. सोव्हिएतांचा इरादा त्यांना मागे ठेवून घेण्याचा होता, पण त्यांना घेतल्याशिवाय परतायला बाकीचे तयार झाले नाहीत. जाता जाता आपल्याकडचंही सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत या आक्रमणाच्या निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. त्या भूमिकेमुळे अशोक मेहता यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडलं. मेहता मुंबईच्या समाजवादी आणि कामगार चळवळीतले.

१९७०मध्ये स्मर्कोव्स्कींची पक्षातून हकालपट्टी झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी एका इटालियन साप्ताहिकाला मुलाखत दिली. १५ जानेवारी १९७४ला ते गेले. त्यानंतर जे घडलं ते कुणी रचून सांगितलं तर खोटं वाटेल. त्यांच्या अस्थींचा कलश चोरीला गेला आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, चेस्के वेलेनित्से स्थानकात, व्हिएन्नाला निघालेल्या गाडीच्या संडासात सापडला.

मॉस्कोतल्या त्या सहीवरून त्यांना आजही बोल लावला जातो. मला त्या सहीचं तितकंसं काही वाटत नाही. कैदेतून आणलेल्या माणसापुढे कागद ठेवला होता आणि देशात परकी फौज होती. मला खटकतं ते पुढचं. १९६८च्या अखेरीस चेक आणि स्लोवाक यांच्या नव्या संघराज्याच्या संसदेचा अध्यक्ष स्लोवाक हवा, असा आग्रह स्लोवाक कम्युनिस्ट नेते गुस्ताव हुसाक यांनी धरला. निमित्त स्लोवाकांच्या हक्काचं, पण काटा काढायचा होता तो स्मर्कोव्स्कींचा. धातुकामगारांची संघटना खवळली. सुमारे नऊ लाख सभासद, आणि संपाचा इशारा. हातात कागद नव्हता, समोर सोव्हिएत अधिकारी नव्हता, आणि देशातला सगळ्यांत मोठा कामगारवर्ग पाठीशी होता. तेव्हा देशाला आवाहन करून स्मर्कोव्स्कींनी स्वतःच कामगारांना आवरलं, आणि जानेवारीत ते पद दुसऱ्याकडे गेलं. एप्रिलमध्ये दुबचेकही गेले. त्यांच्या जागी आले हुसाक, ते पक्षप्रमुख म्हणून १९८७पर्यंत राहिले.